बिघाडाचे कारण

खांबावरून मी पुष्कळ पाखरं ओळखतो.
कोतवाल, वेडा राघू, नीळकंठ.
तारेवर बसतात ते सगळे माझ्या ओळखीचे,
म्हणजे पाठमोरे ओळखीचे.
हा बसला नाही.

मानोरा रस्त्याचं फीडर बंद, परमिट खिशात,
कमरेचा पट्टा आवळून मी इन्सुलेटर बदलत होतो.
खाली फाल्गुनातला माळ, उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग,
आणि धुऱ्यापलीकडे मुरमावर
एक ढेकूळ पळालं.

पळालं, थांबलं. वाकून काहीतरी टिपलं.
पुन्हा पळालं.
टिटवी म्हणावं, तर तिनं एव्हाना गाव गोळा केलं असतं.
तितर म्हणावं, तर एवढे उंच पाय?
पाय पांढुरके, चुना लावल्यागत.
डोकं विटकरी. डोळ्यावरून पांढरी रेघ
मानेपर्यंत गेलेली, तिच्याखाली काळी,
कुणी पट्टी धरून मारावी तशी.

मोबाईल काढला. झूम केलं.
फोटोत माळ आला, ऊन आलं,
आणि मी ज्याच्यावर बोट ठेवून दाखवतो
ते ढेकूळ. खरोखरचं ढेकूळ.

खाली सुगंधाबाई लोखंडे बकऱ्या घेऊन उभी.
वरूनच ओरडलो, मावशी, हे पाखरू कोणतं?
तिनं डोळ्यांवर हात धरला.
"हे? हे तं अठीच राह्यते.
आमच्या बुढ्याच्या वक्तापासून हाये."
नाव काय पण?
ती हसली, तंबाखू गालात सरकवली.
"तुरीवर बसत नाही, हरभऱ्यात शिरत नाही.
ज्यानं कोनाचं काही बिघडवलं नाही
त्याले कोन नावं ठेवन?"

तेवढ्यात एक बकरी शिंकली.
तो उडाला, पंख खालून काळेभोर,
आणि तारांच्या खालून निघून गेला.

सबस्टेशनात येऊन रजिस्टर उघडलं.
तारीख, वेळ, फीडर, बिघाडाचे कारण.
मागची पानं चाळली उगाच.
माझ्याच अक्षरात: पक्षी. पक्षी. झाडाची फांदी. पक्षी.
बावीस वर्षांत कोणता ते एकदाही लिहिलं नाही.
साहेबानं विचारलं नाही.
खांबाखाली पडलेलं जे काही असायचं
ते बुटाच्या टोकानं बाजूला सारून
मी सप्लाय चालू करायचो.

आज रकान्यात लिहिलं, इन्सुलेटर तडकलेला.
शेऱ्याची जागा रिकामी होती. तिथं बारीक अक्षरात
पाय पांढुरके, डोकं विटकरी,
डोळ्यावर पांढरी रेघ, तिच्याखाली काळी.
तारेवर बसत नाही.
जागा संपली. राहिलेलं समासात गेलं:
पळतो, मग थांबतो.

रात्रपाळीला आलेल्या भोजनेनं वाचलं,
दोनदा वाचलं.
"कोन हरवलं, दादा?"
कोणी नाही, म्हटलं. चहा ठेव.