पुढचं डावं चाक

इब्रीत जून महिन्यात पाना
सकाळी सातपर्यंतच आपला असतो.
नंतर तो उन्हाचा.
म्हणून तीनला उठलो,
हत्यारं ओल्या गोणपाटात गुंडाळली,
जॅकखाली फळी, फळीखाली वाळू,
वाळूचा भरवसा नाही म्हणून
मागच्या चाकांना दगड.

एकोणनव्वदची पिकअप.
माझ्याकडे तीन वर्षं, त्याआधी हमदानकडे एकवीस,
त्याआधीचं तोही नीट सांगत नाही.
हौद्याला अजून शेळ्यांचा वास.
व्यवहार झाला तेव्हा म्हणाला होता,
तेल पिते, पिऊ दे.
चढावर बंद करू नकोस.
एवढीच वॉरंटी.

डाव्या चाकाचा गुडघा गळत होता.
पुस्तकात त्याला वेगळं नाव आहे,
पण जो सांधा वळतोही आणि भारही सोसतो
त्याला दुसरं काय म्हणायचं?
नट सुटले, हब उतरला,
आत ग्रीसची पेज झालेली, दुधाळ, करडी.
फेब्रुवारीत वादीला पाणी आलं होतं
आणि मी उगाच गाडी घातली होती पाण्यात.
पलीकडे काही नव्हतं. खजुरीची चार झाडं.
त्याचं बिल आत्ता आलं.

हमदानचा नातू मुहन्नद
पुस्तक मांडीवर घेऊन आइसबॉक्सवर बसलाय.
मला अरबी आकडे येतात, शब्द येत नाहीत.
त्याला शब्द येतात,
पण तो चित्रांपाशी रेंगाळतो,
आणि मी बोल्ट हातात धरून
त्याची दहा वर्षं उलटायची वाट बघतो.

वरच्या टोपीखाली तीन चकत्या निघाल्या.
दोन कंपनीच्या.
तिसरी कुणीतरी दूध पावडरच्या डब्यातून कापलेली.
रॉकेलने धुतली, तर पाठीवर
गाईचा एक कान, नखाएवढं निळं आकाश,
शिंगांच्या जागी बोल्टचं भोक.

कोण असेल?
कात्रीचं काम नाही हे.
छिन्नीने, सावकाश, मग कडा घासून घासून
बोटाला लागू नये इतक्या.
ज्याचं बोट वाचवलं
तो मी, इतक्या वर्षांनी.
मुहन्नदला दाखवली. म्हणाला, बकरा.
म्हटलं, गाय.
त्याने पुन्हा नीट पाहिलं.
बकरा.

मस्कतहून नवी मागवली होती मी,
तेलकट कागदात गुंडाळलेली, नंबर छापलेली.
जाड निघाली.
घातली की गुडघा खुळखुळतो,
काढली की आखडतो.

माप काट्यावर घेतात.
हुक अडकवून ओढायचं,
चार-साडेचार किलोला वळला पाहिजे.
काटा मोतालिबचा, बाजारातल्या मासळीच्या दुकानातला,
हुकाला सुरमईचा खवला तसाच.
गुहागरला आई असाच काटा
डोळ्यांसमोर धरून गिऱ्हाइकाला म्हणायची,
बघून घ्या, मागाहून बोलू नका.

नवीवर अडीच.
नुसत्या दोनांवर सात.
गाईचा कान घातला. साडेचार.
बघून घे, मागाहून बोलू नकोस,
मराठीतच म्हणालो.
मुहन्नदने गंभीरपणे मान डोलावली.

टॉर्कचा पाना माझ्याकडे नाही.
पुस्तक म्हणतं छ्याण्णव,
दंडाची शीर म्हणते बास.
नवं ग्रीस मुठीमुठीने भरलं,
कोपरापर्यंत हात निळा.

साडेसात. पान्याला हात लावता येईना.
दगड काढले, वाळूवरून एक फेरी मारली,
काचा खाली, पंखा बंद, कान बाहेर.
मुहन्नद शेजारी,
नवी चकती डोळ्याला लावून
रस्ता बघत.

डावीकडची कुरकुर गेली होती.
त्यामुळे पहिल्यांदाच
उजवीकडची ऐकू आली.

मी काही बोललो नाही.
त्याने चकती खिशात टाकली
आणि पुस्तक उघडलं.