अनोळखी

पाणी उतरलं तेव्हा गावभागातल्या आमच्या अंगणात
वीतभर गाळ होता, आणि कुणाची तरी एक चप्पल.
चप्पल टाकून दिली. गाळ राहू दिला,
खोरं चालवायला कंबर राहिली नव्हती.

दसऱ्याच्या सुमाराला तो हिरवा झाला.

कुर्डू मला ओळखता येतो, केना येतो,
आघाडा तर पातळाला धरून स्वतःच घरात येतो.
कंबरमोडीचा पाला लहानपणी
फुटक्या गुडघ्यावर चोळलेला.
पण नळापाशी ही एक जण,
दांडा चौकोनी, पानं समोरासमोर,
फूल तांदळाच्या कणीएवढं, जांभळं,
घशाशी पांढरा ठिपका.
सकाळी नवाला उघडते, दुपारी दीडला मिटते,
ओपीडीसारखी.

सव्वीस वर्षं सिव्हिलला रात्रपाळ्या केल्या.
बेशुद्ध आलेल्याचं नाव कळेना
की रजिस्टरला लिहायचं:
अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस,
डाव्या दंडावर गोंदण, खिशात मिरजेचं तिकीट.
सवयीनं हिचंही लिहिलं, कॅलेंडरच्या पाठीवर:
अनोळखी. वय अंदाजे सहा आठवडे.
सोबत कोणी नाही.

शेजारच्या सम्मेदनं फोटो काढला.
मोबाईलनं तीन नावं सांगितली, तिन्ही परमुलखातली,
आणि खात्री एकाचीही निम्म्यावर नाही.
कुंभोजकर सर भिंग घेऊन उकिडवे बसले.
कूळ तुळशीचं असावं, म्हणाले,
पुढचं बी धरल्यावर बघू.
उठताना त्यांना हात द्यावा लागला.

वाईहून आली असेल, माहुलीहून, कऱ्हाडहून.
नदीला विचारायची सोय नाही,
ती पुलाखालून खालमानेनं चाललेली,
जणू घरात शिरली ती दुसरीच कोणी.

मग भिलवडीच्या अक्काताई मगदूम
भाजीची पाटी उतरवून पाणी प्यायला आल्या.
तांब्या तोंडाशी, नजर खाली,
"अगं बया, तू हितं व्हय!"
मला वाटलं, मलाच म्हणाल्या.
"आमच्या बांधावरली हाय की ही.
शेळी तोंड लावत न्हाई, मधमाशी सोडत न्हाई."
नाव काय हिचं?
"हिला कुणी नाव ठेवलं न्हाई बाई."

रजिस्टरला शेवटचा रकाना असायचा:
ओळख पटवणाऱ्याची सही.
कितीदा तो कोराच ठेवून वही बांधली.
मी कॅलेंडर पुढं केलं.
अक्काताई हसल्या, आणि ओल्या गाळात बुडवून
अंगठा उठवला.

मग मेथीच्या दोन पेंड्या घेतल्या.
सुट्ट्या पैशांवरून जरा वाजलं.
तोवर दीड होऊन गेला होता.