प्ले

"दुसरा टाकावा, तर चौथा पडतोय," म्हटलं.
दस्तगीर मिस्त्री हसला नाही.
पोतं अंथरून पद्मिनीच्या पोटाखाली सरकला,
नुसते पाय बाहेर, टाचांच्या भेगांत ग्रीस.

"हलवा."
स्टिअरिंगखालचा दांडा मी वर, खाली, परत वर.
"सळ्या बऱ्या हायत. बुश गेलंय.
बोटभर प्ले."

मग काहीतरी फरशीवर पडलं, आवाज न करता.
चामड्याची चकती, तेलानं काळी,
कडेला वादीच्या टाक्याची दोन भोकं.
आण्णांनी पायातल्या पायताणाचीच कापली असणार,
आंबा घाटात कुठंतरी,
आणि घरी लंगडत आले ते ठेच लागली म्हणून.

उद्यमनगरात बुशाला वेळ लागत नाही.
समोरच्या लेथवर नायलॉनच्या पांढऱ्या शेवया उडल्या,
बुश, वायसर, पिन, पक्कडीनं वाकवलेली कॉटर.
"चकती ऱ्हाऊ दे मला, पोरास्नी दाखवाय."
मी दिली नाही.

आता गियर टक्कन पडतो, जिथला तिथं.
दाभोळकर कॉर्नरला सिग्नल सुटतो
आणि हात अजून दांडा जरा उचलूनच ढकलतो,
बोटभर सैल जागा शोधत.

मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो.