कवटीचे पाच शिलिंग जास्त

सर अँब्रोज थर्लबींनी जिवंतपणीच कबर सांगितली,
मोठ्यांची तेव्हा रीतच होती.
मापं घ्यायला गेलो तर ते लंडनला,
पार्लमेंट बसलेलं.
दारात बाई होत्या, थॉमसिन,
हाताला मधाचा चिकटा, कमरेला किल्ल्या.

मी दर सांगितला :
गुडघे टेकलेलं मूल, हात जोडलेलं, चाळीस शिलिंग.
आधीच गेलेलं असेल तर हातात कवटी द्यायची,
कवटीचे पाच जास्त.
मुलगे बापामागे, मुली आईमागे, उतरत्या उंचीनं.
किती धरू?

बाई बोटं मोजू लागल्या.
"मार्जरी, कवटी. बार्नबी, नको.
एक बिननावाचा, तीन तासांचा.
त्याला गुडघे कसे टेकवणार तुम्ही?"
म्हटलं, दुपट्यात गुंडाळून आडवा ठेवतो,
पैसे निम्मे.
"आणि जोसेलिन."
मग गप्प.
मग, "त्याचं त्यांना विचारते."

उत्तर आठ दिवसांनी आलं,
चिखलानं माखलेल्या पोऱ्याबरोबर.
बाईंनी उभ्यानंच वाचून दाखवलं.
आधी गवताची चौकशी,
मग तांबड्या घोडीच्या खुराची,
मग सैन्याला पैसे मंजूर झाल्याचं,
आणि शेवटी समासात, आडवं लिहिलेलं :
राजाकडे गेलेला मुलगा माझ्या दगडावर नको.

तो त्याच हिवाळ्यात मेला, कुठल्याशा ओढ्याच्या उतारावर.
बापानं मंजूर केलेल्या पैशांतली गोळी असेल,
नसेलही.
गोळीवर कुणी सही करत नाही.

एका संध्याकाळी बाई माझ्या छपरात आल्या.
फडक्यात अंड्यांचे आणि मेणाचे पैसे,
सगळे सुटे, दोन नाणी कडेनं कातरलेली.
"माझ्या झग्याच्या चुणीत," म्हणाल्या,
"मागच्या बाजूला, कुणी बघत नाही तिथं,
चार बोटं करा.
चालायला लागला तेव्हा तिथंच धरायचा."
केवढी, मी विचारलं.
त्यांनी हात गुडघ्याच्याही खाली नेला
आणि तसाच ठेवला, थोडा वेळ.
कातरलेली नाणी मी परत केली नाहीत.
तेव्हा माझ्याही घरात खाणारी तोंडं पाच होती.

वर्षं गेली. राजा गेला, राजाचा मुलगा परत आला,
गावानं पिंपं फोडली.
सर अँब्रोज मधल्या काळात दोनदा वळले,
बाक तेच राहिलं.
मग स्वतः आले माझ्याकडे, टोपी काढून,
असं पहिल्यांदाच.
"जोसेलिन पुढे हवा. चिलखतात.
तलवार, कवटी, सगळं.
खाली लिही : राजासाठी पडला."
म्हटलं, चेहरा कसा होता?
ते बराच वेळ अलाबास्टरच्या चुऱ्याकडे बघत राहिले.
"माझ्यासारखा कर."

केला. साठ शिलिंग, चिलखताचे वेगळे.
बाई तोवर त्या दगडाखाली चार वर्षं निजलेल्या.

आता घोड्यावरून माणसं येतात,
तलवारीला बोट लावून बघतात,
म्हणतात, काय घराणं.
देवळाची फरशी पुसणारी डॉर्कस परवा म्हणाली,
बाईंच्या झग्यात मागे काहीतरी आहे,
फडकं अडकतं.
मी म्हटलं, दगडातली गाठ असेल.
राहू दे. ओढू नकोस.