कलर्स मे रन

टॉवेलच्या कडेला शिवायची ती बोटभर पट्टी.
तिच्यावर चार ओळी, तिसरी ओळ : कलर्स मे रन.
दिवसाला अठराशे पट्ट्या माझ्या सुईखालून जातात,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये.
‘मे’ म्हणजे परवानगी, असं नववीत शिकवलेलं,
म्हणून अकरा वर्षं मी समजत होते
की रंगांना पळायची मुभा आहे,
कोणी अडवू नये.

डाय-हाउसच्या मौलालीचाचांना विचारलं.
कोपरापर्यंत निळे हात, कानाच्या पाळीवर मरून ठिपका.
म्हणाले, "पळतो कशाला बे? रंग जातो.
दात गेले, मिल गेली, तसा जातो.
पळतो तो उधारीवाला."

‘रन’ आमच्या गल्लीत आला तो रेडिओतून,
दाजी पेठेत, कोंड्याल टेलरच्या फळीवरून.
एक रन, दोन रन. मोजायची वस्तू, सुपारीसारखी.
त्यासाठी कुणाला तरी पळावं लागतं
हे मला टीव्ही आल्यावर कळलं.

मग रद्दीत किलोवर एक शब्दकोश मिळाला.
पुढची पानं गेलेली, आर शाबूत.
‘रन’ला सहा पानं!
नाक रन होतं. माग रन होतो.
नळ रन होतो (आमचा नाही;
आमचा पाचव्या दिवशी, पहाटे सव्वातीनला,
तोही लंगडत).
निवडणुकीला आपल्याकडे उभे राहतात,
काही देशांत म्हणे पळतात.
सूत संपलं तरी रन, आउट लावून.
खोकला घराण्यातून रन होतो :
तंबाखूच्या सुपावरून आईकडे,
आईकडून अंबुबाईअक्काकडे.
आणि घरही रन करतात.

इथे बोट ठेवून मी थांबले.
घर तर चालतं.
आईच्या तेलुगूत ‘इल्लू नडुस्तोंदी’,
भिंतीपलीकडच्या शिवलीलाच्या कानडीत ‘मनी नडीतद’,
चाचांच्यात ‘चलरा’.
एका नळावर भांडणाऱ्या चार भाषा,
एकीतही घर पळत नाही.
आणि आईनं तर ते बसूनच चालवलं,
मांडीवर सूप, दिवसाला हजार विडी,
पायाला मुंग्या आल्या की दुसरी मांडी.

सहाव्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, मूळ.
हा शब्द आधी पायांचा नव्हताच.
पाण्याचा होता. वाहणं.
पाय त्याला नंतर फुटले.
आणि दूरचं नातं म्हणून एक संस्कृत धातू दिलेला : री,
स्रवणे, पाझरणे.
त्यातूनच आपली रीत.

रीत?
पोरीनं कांड्या भरायच्या, धोट्याला हात लावायचा नाही,
ती रीत?
मला वाटायचं रीत म्हणजे पुरलेला दगड.
नानांच्या मागावर पळणारा एकटा धोटा होता,
आणि मी उंबऱ्यावर, कांड्यांची टोपली घेऊन.
नाना, ती वाहत आली होती.
वळवता आली असती.

चाचांना सांगितलं, शब्द पाण्याचा आहे.
शेडमागच्या गटाराकडे बघत राहिले,
आज तिथे हिरवं होतं.
"मग बरोबर लिवलंय त्यांनी," म्हणाले
आणि विडी पेटवली.

आज पाचवा दिवस.
रिजेक्ट मालातला एक मरून टॉवेल मी घरी आणलाय,
पट्टी न लावलेला.
सव्वातीनला नळानं आधी हवा सोडली, खोकला,
मग करंगळीएवढी धार.
टॉवेल बुडवला. बादलीत मरून,
नखांत मरून, मनगटावरून कोपराकडे
उलटं चढणारं मरून.
वाचण्यासारखं काही नव्हतं.
तेवढ्यात शिवलीला ओरडली, "धार बारीक झाली!"
आणि मी दुसरी बादली आणायला
पळाले.