ळ

सातवी ब. शनिवार, तिसरा तास, पुस्तकं मिटलेली.
खिडकीतून अँटॉप हिलवरनं मोनोरेल जाते, नेहमीसारखी रिकामी.
खिडकीकडचे विरुद्ध दाराकडचे,
शब्दसाखळी:
पाटी, टरबूज, जहाज, जवळ…
आणि तबरेज बाकावर थाप मारतो:
ळ! घ्या आता!

हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.
मराठीत ळवरनं काहीच सुरू होत नाही
हे हरता हरता सापडलंय त्यांचं त्यांना.
आता वहीच्या मागच्या पानावर साठा असतो:
वादळ, काजळ, ओघळ, खळखळ.

मी नियम सांगते, ळ आला की ल घ्यायचा.
"असं कसं, बाई?" दिगंत उभाच राहतो.
"आम्ही फल लिहिलं की तुम्हीच लाल गोल करता ना?"

करते.
मी तरी काय सांगू त्याला.
आमच्या यावलकडे ळ नव्हताच घरात.
केयी होती, डोये होते, मी शायेत जायची.
डी.एड.ला नाशिकला पहिल्या पाठाला उभी राहिले
आणि मागच्या दोन रांगा तोंडावर ओढणी धरून हसल्या.
जीभ मागे वळव, म्हणाल्या होत्या कुलकर्णीबाई,
वळव हे मला वयव ऐकू आलं.
महिनाभर हॉस्टेलच्या आरशासमोर
काळी गाय, काळी गाय.
अजून आईशी फोनवर बोलते
तेव्हा ळ कुठे जातो कोण जाणे.

"लसूण," तोवर खिडकीकडनं.
ण! त्यालाही सवलत, न घ्या.
"नारळ!"
पुन्हा तेच. दाराकडचे नाचायचे बाकी.

शेवटच्या बाकावरची पोरगी उठली.
जूनमध्ये आली, तिच्या शाळेतला तमिळ वर्ग बंद झाल्यावर.
हजेरीत अरुलमोली. चार महिने मी अरुल म्हणतेय,
ती येस बाई म्हणतेय, एवढाच आमचा संवाद.
पाळी तिच्या गटाची, अक्षर ल,
आणि ती म्हणाली, "तमिळ."

"ल कुठाय त्यात?" "अगं शेवटी नाही, सुरुवातीला!"
तिनं मान हलवली. खेळ कळला होता तिला.
"बाई, तमिळमध्ये तो ळ नाही.
ल आहे. ळ आहे. आणि अजून एक आहे."
मग तो एक तिनं उच्चारला.

वर्ग गप्प.
मग अडतीस जिभा एकदम कामाला लागल्या.
पाणी यायच्या आधी नळ करतो
तसा आवाज सगळ्या वर्गात.
तबरेजचा र झाला, दिगंतचा ड,
रुखसानाला उचकी लागली.
मीही केला प्रयत्न, फळ्याकडे तोंड करून.
माझा य निघाला.
तोच तो. यावलचा.
पोरं हसली, आणि मी कान बंद करायच्या आत
ती म्हणाली,
"जवळ आलं, बाई."

खडू घेऊन तिनं नाव लिहिलं, तिच्या लिपीत,
गोल गोल, आमच्या शिरोरेषेशिवाय.
"मोळी? लाकडाची?" दिगंतला राहवेना.
"नाही. मोळी म्हणजे भाषा."
तेही तिनं त्या तिसऱ्या अक्षरानं म्हटलं,
मला ते अजून लिहिता येत नाही.
तिनं दाखवलं: ळ काढायचा, खाली टिंब द्यायचं.

ऑनलाइन हजेरीत टिंब जात नाही.
कागदाच्या पटात जातं.
लचा ळ केला, दुसऱ्या ळखाली टिंब दिलं,
बाजूला सही केली, खाडाखोडीला लागते तशी.

घंटा झाली. कोण जिंकलं ते राहिलंच.
सोमवारी तबरेज आधी तेच विचारणार.