चव्वेचाळीस फूट-पाउंड

ईरीत मार्चमध्येही गॅरेजचं दार
खालून बर्फानं धरून ठेवलेलं असतं.
लाथ घातली, उघडलं.
वेंडल क्राउझेची लाल पेटी ठेवली फेंडरवर.
"परत देताना स्प्रिंग सैल कर,"
एवढंच म्हणाला होता तो.

खिडकीत तो तुटका बोल्ट अजून आहे,
ऑक्टोबरातला.
रेंच कशाला, माझ्या हाताला कळतं, म्हणालो होतो;
इचलकरंजीत अकरा वर्षं माग उघडले-जोडले या हातांनी,
सगळं अंदाजपंचे, आणि एकही नाही बिघडला.
आणखी पाव फेरा, आणखी थोडा,
मग लोखंड एकदम मऊ लागलं, लोण्यासारखं.
तुटल्याचा आवाज त्यानंतर आला.

आज मुक्ता कागद वाचते.
सतराची आहे, माझ्याशी मोजकंच बोलते.
मधला पहिला. मग त्याच्या समोरचा.
मग बाहेर, बाहेर,
चादरीची सुरकुती काठाकडे सारत न्यावी तसं.
आटे ब्रशनं साफ केलेत. तेल बोटभर,
भोकात साचू द्यायचं नाही,
नाहीतर आकडा खोटं बोलतो.

पंधरा. दहाच्या दहा.
तीस. पुन्हा दहाच्या दहा.
मूठ मधोमध, हिसका नाही;
झोपलेल्या पोराच्या मानेखालून
हात काढून घ्यावा, तेवढ्या सावकाश.

चव्वेचाळीस.
टक्.
मनगटाला आधी कळतं, कानाला मागून.
"अजून थोडं?" मुक्ता विचारते.

हात तिथंच थांबतो.
तिचा फोन, तिचे मार्क, तो कोण मुलगा,
पुन्हा फोन.
गेल्या वर्षी कधीतरी टक् झालंही असेल.
मी ओढतच होतो.

"नाही," म्हणतो. "झालं."

सातव्यापासून तीच ओढते.
आवाज झाला की सोडते, लगेच.
हे तिला मी शिकवलेलं नाही.

इंजिन पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या खेपेला
खोकत सुरू झालं.
तासभर दोघं टॉर्च धरून वाकलो,
कुठं ओल दिसते का बघत.
तिचे केस माझ्या कानाला लागत होते.

रात्री मूठ उलटी फिरवली,
सगळ्यात खालच्या रेघेपर्यंत, त्याखाली नाही.
वेंडलनं पेटी उघडून आधी तेच पाहिलं.
"कुणी आवळले?"
"सहा मी. चार तिनं."
"मग चार तरी पक्के असतील," म्हणाला,
आणि थंडी आत येते म्हणून
दार लावून घेतलं.